कुमुदताईंचा मूढा

ही घडलेली गोष्ट आहे. ज्यांना पटणार नाही त्यांनी इथेच सोडून द्यावी. माझ्यात आता वाद घालायची ताकद राहिलेली नाही.

अशा गोष्टी रात्रीच्या असतात. ही नाही. ही दुपारची आहे.

सत्त्याण्णव सालचा जानेवारी. जागा फरीदाबाद. त्या दुपारी इतकं धुकं होतं की वॉर्डच्या खिडकीतून समोरचं कडुलिंबाचं झाडही दिसत नव्हतं. दिल्लीकडे राहिलेल्यांना वेगळं सांगायला नको.

मी वृंदा. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत, म्हणून मी लहानपणापासून दिल्लीत. पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकले, पुढे नर्सिंग केलं, लग्न होऊन फरीदाबादला आले. तिथल्या एका लहान हॉस्पिटलात मुलांच्या वॉर्डात लागले. त्याचं नाव सांगत नाही. आता ते बंदही झालंय.

त्या दिवशी माझी रात्रपाळी सकाळीच संपायला हवी होती. पण बदलीची सिस्टर धुक्यात कुठेतरी अडकली होती. शटल गाडी रद्द, बसचा पत्ता नाही. आमच्या कामात पुढचं माणूस आलं नाही की आधीच्याने थांबायचं, त्यात तक्रारीला जागा नसते. मी थांबले.

पाय सुजले होते. डोळे चुरचुरत होते. मला फक्त कुठेतरी आडवं व्हायचं होतं.

आता कुमुदताईंबद्दल सांगते. त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

कुमुदताई साळवे आमच्या वॉर्डच्या सर्वांत जुन्या सिस्टर. मूळच्या नगरच्या, मिशनच्या दवाखान्यात शिकलेल्या. मुलांचं काम मला त्यांनी शिकवलं. मुलाशी उभ्याने बोलायचं नाही, हा त्यांचा नियम. त्यासाठी त्यांनी एक बुटका मूढा ठेवला होता, दिल्लीत घरोघरी असतं तसलं वेताचं बैठं स्टूल. तो पलंगाशी ओढायचा, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर यायचं, मग बोलायला लागायचं. लहान मूल सांगत नसेल तर त्याच्या बाहुलीला कुठे दुखतंय ते विचारायचं. मोठ्या मुलांना आईवडिलांसमोर काही विचारायचं नाही. तान्ह्या बाळाचा आधी श्वास बघायचा, हात नंतर लावायचा.

तोही गरम करून.

मुलाला तपासायच्या आधी त्या तळहात एकमेकांवर घासत बसायच्या. स्टेथोस्कोपची चकती मुठीत धरून ठेवायच्या. थंड हाताने मूल दचकतं, मग खरं काही कळत नाही, म्हणायच्या. "वृंदा, जे रडतंय त्याच्याजवळ सगळे असतात. तू गप्प असेल त्याच्याजवळ बस."

निवृत्त होताना त्यांनी आपला स्टेथोस्कोप मला दिला. दिवाळीनंतर त्या वारल्या.

त्यांचा रिकामा मूढा मला बघवेना. चादरींच्या खोलीत एका कोपऱ्यात ठेवला, त्यावर धुतलेल्या चादरींची चवड रचली आणि कुलूप लावलं. किल्ली माझ्या खिशात असायची.

त्या दुपारी वॉर्डात फारसं कोणी नव्हतं. दाराजवळच्या पलंगावर लतिका, दहावीतली मुलगी, पोटात दुखतं म्हणून सकाळी आणलेली. आई उशाशी बसलेली. पलीकडे कोपऱ्यात, हीटरजवळ, हेमलताचं बाळ पाळण्यात झोपलेलं. चारच दिवसांचं. हेमलताचं आधीचं मूल जन्मताच गेलं होतं, त्यामुळे या बाळाकडे ती नजर न हलवता बघत बसायची. सकाळच्या राउंडला सगळं ठीक होतं, घरी न्यायला परवानगी मिळाली होती. तिचा नवरा जयंत गाडी आणायला गेला होता. धुकं आणखी उतरायच्या आत त्यांना निघायचं होतं.

"किती शहाणं आहे हो सिस्टर, सकाळपासून रडलंच नाही," हेमलता म्हणाली.

मी मान डोलावली. मला बरंच वाटलं. आणखी एक रडणं ऐकायची माझी तयारी नव्हती.

लतिकाच्या आईला मी खाली चहाला पाठवलं आणि पलंगाचा पडदा ओढून घेतला. मी उभीच होते. बसले असते तर पुन्हा उठवलं नसतं.

"बोल बाळा. आता कोणी नाहीये. काय होतंय?"

"कुछ नहीं, सिस्टर. काही होत नाहीये. बस, थकलेय."

"कुठे पडलीस, लागलं?"

तिने पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं.

"आपण दोघीच आहोत. तू निवांत सांग."

लतिका माझ्याकडे बघतच नव्हती. पडद्याच्या फटीतून ती कोपऱ्याकडे बघत होती...

"मग त्या सिस्टर?"

"कुठल्या?"

"त्या म्हाताऱ्या. बाळाजवळ बसल्यात ना. सुबह से वहीं हैं."

मी पडदा सरकवला.

हेमलता पाठमोरी उभी राहून पिशवी भरत होती. पाळण्याजवळ कोणी नव्हतं.

पण पाळण्याला लागून...

मूढा होता.

मी खिशात हात घातला. किल्ली खिशातच होती.

"त्या... काय करतायत?" मी विचारलं.

"हात घासतायत. असे." लतिकाने तळहात एकमेकांवर घासून दाखवले. "ठंड लगत असेल त्यांना."



त्याच वेळी वीज गेली. हीटरची घरघर थांबली. सकाळपासून बाहेर कुठलं तरी पोर किरकिरत होतं, तेही थांबलं. एवढी शांतता मी त्या वॉर्डात कधी ऐकली नव्हती.

आणि त्या शांततेत... कोपऱ्यातून... कोरडे हात घासल्याचा आवाज.

मी कशी चालत गेले मला आठवत नाही. गळ्यातला ताईंचा स्टेथोस्कोप काढला. स्वेटरवर लोंबत होता, त्या थंडीत धातू बोटांना झोंबायला हवा होता.

चकती गरम होती.

कोणीतरी आत्ताच मुठीतून सोडल्यासारखी.

मी मूढा न हलवता पाळण्याजवळ गुडघ्यांवर बसले. आधी हात लावला नाही. दुपटं अलगद बाजूला करून नुसता श्वास बघितला.

प्रत्येक श्वासाला बाळाच्या बरगड्या आत ओढल्या जात होत्या. कण्हल्यासारखा बारीक आवाज येत होता, हीटर चालू असता तर ऐकूच आला नसता. पावलं गार. तळव्यावर टिचकी मारली, तरी ते हललं नाही.

"दूध कधी घेतलं याने?"

"सकाळी घेतलं थोडंसं. मग झोपलंच आहे. का हो?" हेमलताच्या हातातली पिशवी खाली पडली. "सिस्टर, का हो?"

मी बाळाला उचललं आणि आतल्या खोलीकडे धावले. डॉक्टर आले. जनरेटर सुरू झाला, ऑक्सिजन लावला, सुई टोचली. संसर्ग रक्तात पसरत होता. गाडीत हे बाळ आईच्या कुशीत असंच शांत पडून राहिलं असतं, घरी पोचेपर्यंत कोणाला कळलं नसतं, असं डॉक्टर मला हळूच म्हणाले. ते बाळ जगलं. घरी गेलं तेव्हा त्याने रडून वॉर्ड डोक्यावर घेतला होता.

पण त्या दुपारी मला ते माहीत नव्हतं. मी बाहेर आले. कोपऱ्यात पाहिलं.

मूढा तिथे नव्हता.

जीव भांड्यात पडला. जे काही होतं ते संपलं, असं मी स्वतःला सांगितलं. लतिकाजवळ गेले. तिची आई अजून वर आली नव्हती.

"त्या सिस्टर गेल्या ना ग?"

तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. ओठ सुकले होते.

"नाही..." ती म्हणाली. "इकडे आल्यात."

पलंगाच्या दुसऱ्या बाजूला, भिंतीकडे...

मूढा.

"माझ्याकडे बघतायत. हात घासतायत," लतिका म्हणाली आणि रडायला लागली.

मी फरशीवर बसले. मूढा रिकामा दिसत होता, पण त्यावर बसायची माझी हिंमत झाली नाही. खाली बसून मी तिचा हात धरला. नाडी भराभर धावत होती आणि बोटांना जेमतेम लागत होती.

"लतिका, सांग मला. रागावणार नाही मी."

"आईला बोलू नका हं. ट्यूशन बुडवून मैत्रिणीची स्कूटी शिकत होते. परवा पडले. हँडल इथे घुसलं." तिने डाव्या बरगडीखाली हात ठेवला. "निशान पण नव्हतं. मला वाटलं, ठीक होईल."

पोटात आतल्या आत रक्त साचत होतं. संध्याकाळ व्हायच्या आत तिला ऑपरेशनला घेतलं. आईला सांगावंच लागलं. ती रागावली नाही, जिन्यातच मटकन खाली बसली. लतिका वाचली.

दुसऱ्या दिवशी मी चादरींची खोली उघडली. कुलूप जसंच्या तसं होतं. मूढा आत होता, मी ठेवला होता त्याच कोपऱ्यात. त्यावर चादरींची चवड होती. एकही घडी हललेली नव्हती.

मी हे कोणाला सांगितलं नाही. लतिकाने पुन्हा विषय काढला नाही, मीही विचारलं नाही. हॉस्पिटल बंद झालं तेव्हा सामान टाकून देत होते. तो मूढा टाकवेना, म्हणून घरी घेऊन आले. बाल्कनीत असतो.

आज इतक्या वर्षांनी लिहिण्याचं कारण आहे.

मी अजून फरीदाबादलाच असते. हे गेल्यापासून एकटीच. मुलगा बंगळूरला. रोज फोनवर विचारतो, आई, तब्येत कशी आहे? मी म्हणते, मला काय होतंय? जिना चढताना दम लागतो थोडा. या वयात लागतोच.

कालपासून बाहेर तसंच धुकं आहे. दुपारी कपाट आवरताना खिळ्यावरच्या स्टेथोस्कोपला हात लागला. ऊन नाही, घरात हीटर नाही...

चकती गरम होती.

घरात लहान मूल नाही. शेजारीही नाही. मी मजल्यावरच्या सगळ्या दारांत विचारून आले.

आज दुपारी झोपेतून उठले तेव्हा मूढा बाल्कनीत नव्हता.

माझ्या पलंगाशी होता.

मी पाय वर ओढून घेतले. मग मोठ्याने म्हटलं, "ताई, मला काही होत नाहीये. बस, थकलेय."

लतिकाही आधी हेच म्हणाली होती.