निळ्या दाराचे त्रेसष्ट फोटो

सुताराच्या लेकीनं निळ्या दारावर कॅमेरा रोखला, बटण दाबलं... आणि नेमकं तेव्हाच दार उघडलं. चौकटीत एक तरुण. हाताला खळ, केसांत कागदाचा कपटा.

"दाराचा फोटो काढतेय," ती फणकारली, "तुमचा नाही."

"मग मी आत जातो. दाराला एकट्यालाच लाजू द्या."

तो पुस्तकं बांधायचा. गल्ली त्याला बाइंडरच म्हणायची. ती बाबांच्या सुतारखान्यासाठी जुन्या दारांचे नमुने गोळा करत होती. बाकीची दारं एका फोटोत आटपली. हे निळं काही नीट येईना! कधी ऊन तिरपं, कधी सावली आडवी, आणि दर वेळी तो मध्ये. म्हणजे पुन्हा जाणं आलं. मन म्हणे चल, पाय म्हणे पोचलोसुद्धा!

पाच महिन्यांनी तिनं सगळे फोटो नकाशावर चढवले. कॅमेरा फोटोसोबत जागाही टिपून ठेवायचा, त्यामुळे जो तो फोटो आपापल्या गल्लीत जाऊन बसला. हरखून तिनं लिंक सगळ्यांना धाडली. बाइंडरलाही.

पाचव्या मिनिटाला दादा दारात. "काय गं, गावभर एकेक टिकली, आणि या बोळात भोपळ्याएवढा गोल? त्यात आकडा त्रेसष्ट! एवढी दारं आहेत तिथं?"

तिनं झटकन नकाशा उघडला. निवडायचं विसरून तिनं अख्खा ढीगच चढवला होता! त्रेसष्ट फोटो, आणि त्रेसष्टांत तोच. आता तो हसेल... की बोलणंच टाकेल?

पुसायला बोट टेकवलं, तोच फोन वाजला. बाइंडरचा निरोप — ‘नकाशा बघतोय. येता का?’

ती गेली. काळीज पुढे, ती मागे.

दुकानात खळीच्या डब्याला फोन टेकवून तो बसला होता. "एकाही फोटोत दार नीट नाही."

"तुम्ही मध्ये येता ना."

"मग बाजूला व्हा म्हणायचं."

"ते... यंत्राची चूक असेल. एकच फोटो पुन्हा पुन्हा..."

"असं होय?" त्याचा चेहरा एकदम उतरला. "मग काढून टाका. मी आपला उगीच..."

तो चेहरा बघवेना. तिनं डोळे घट्ट मिटले. "चूक नाही. मुद्दाम काढलेत. सगळेच्या सगळे."

त्यानं फोन बाजूला सारला.

"बटणाचा आवाज आला," तो हळूच म्हणाला, "की मीही मुद्दामच बाहेर यायचो. हातातलं काम टाकून. तीन पुस्तकांना पुठ्ठा उलटा बसला. गिऱ्हाईक विचारतं, तुम्हाला झालंय तरी काय?"

"मग... काय सांगितलंत?"

"त्याला काही नाही. आईला सांगितलं."

"काय?"

"की पोरगी ठरलीय. फक्त... पोरीला विचारायचं राहिलंय."

आतल्या खोलीतून मोठ्यानं खाकरणं आलं. "अरे गाढवा, तिला बसायला तरी सांगशील?"

तिला हसू आवरेना. स्टूल पुढे ओढून ती ऐसपैस बसली आणि आत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"बसले हो, आई!"

आणि बाइंडरनं खळीचा ब्रश सरळ चहाच्या कपात बुडवला.