टेबलाची तक्रार

सकाळी खिडकी अर्धी उघडायची, दोऱ्याला मेण चोळायचं, छापील पानांच्या घड्या समोर रचायच्या आणि मान खाली घालायची. दुपारच्या सुट्टीपर्यंत ती वर यायची नाही. आमच्या पुस्तकबांधणीच्या कारखान्यात शिवणीत माझा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि ते मला पुरेपूर ठाऊक होतं.

त्या दिवशी घड्यांवर सावली पडली म्हणून मान वर केली. समोर मापाची फीत घेतलेला एक तरुण. कामाच्या जागा सुधारायला मालकांनी त्याला बोलावलं होतं.

"कोपर जरा टेबलावर ठेवता?"

"का? कोट शिवणार आहात माझा?"

शेजारची मावशी फिसकन हसली. तो लाजला, पण हलला नाही.

"टेबल फार खाली आहे. म्हणून मान एवढी वाकते. आणि... सुई ओवण्याआधी तुम्ही बोटं झटकता."

मी बोटं टेबलाखाली घेतली. बोटं बधिर होतात हे मी कुणालाही कळू दिलं नव्हतं. कळलं असतं, तर शिवणीचं काम सुटून माझी रवानगी खोकी भरायला झाली असती.

"मालकांना सांगणार?" मी कुजबुजले.

"मला टेबलाची तक्रार करायची आहे – तुमची नाही."

मग तो रोजच काहीतरी मोजायला येऊ लागला. "हे टेबल रात्रीतून वाढतं वाटतं!" मावशी मोठ्यानं म्हणायची. तो हसायचा, मी दोऱ्याला उगाच जास्त मेण लावायची.

नमुन्याचं एक नवं टेबल आलं – उंच, उतरत्या फळीचं. पण त्यावर कामाला बसणं म्हणजे हात थकल्याची कबुली. कुणीच पुढे होईना.

"नको असेल तर परत पाठवतो," मालक म्हणाले.

त्यानं नुसतं माझ्याकडे पाहिलं असतं, तरी त्याची मेहनत वाचली असती. पण माझं गुपित राखत तो खिडकीबाहेर पाहत राहिला.

मी उठले. "माझी बोटं बधिर होतात. तरीही या खोलीत माझ्याइतकी सरळ शिवण कुणाची नाही. हे टेबल मला हवं."



"मग माझंही माप घे रे बाबा," मावशी म्हणाली, "खांदा कधीचा रडतोय." मागून आणखी एक आवाज आला, मग आणखी एक... मालकांनी माझी शिवण उचलून पाहिली. खोक्यांचं नावही निघालं नाही.

सगळ्यांची टेबलं बसवून झाली, तेव्हा तो फीत गुंडाळत म्हणाला, "उद्यापासून यायला... निमित्त उरलं नाही."

मी मान वर केली. आता ती सहज वर होत होती.

"दुपारी सुट्टी असते आम्हाला. निमित्त कशाला हवं?"

उठले, भिंतीजवळचं रिकामं स्टूल आणलं आणि माझ्या टेबलाशेजारी ठेवलं.

"उंची तेवढी तुमची तुम्ही बघून घ्या."