राणीचा झगा

मोठ्या बाईंचा निरोप आला तेव्हा शिवणबाई मशीनला तेल घालत होत्या. निरोप एवढाच होता: रंगपटात या, राणीचा झगा फाडलाय.

शाळेचे गणवेश नीट करायचे, नाटकाचे कपडे शिवायचे, ही त्यांची नोकरी. हा निळा झगा त्यांनी तीन आठवडे खपून शिवला होता. आता त्याचे तुकडे फरशीवर पडले होते. नाटकाचा पडदा सहाला उघडणार होता. आरशावर खडूने लिहिलं होतं, 'कोळशाला मुकुट शोभत नाही.'

कोपऱ्यात राणी बसली होती. नाटकातल्या कामावरून तिला सगळे राणीच म्हणत. दोन वर्षांपूर्वी तिचं कुटुंब समुद्रापलीकडून इथे आलं. अख्ख्या शाळेत तिच्याइतकं काळं कोणी नव्हतं आणि हे तिला विसरू न देणारे बरेच होते. तिच्या खांद्यावर हात टाकून शिवणबाईंची लेक बसली होती. दोघी पहिल्या दिवसापासूनच्या जिवलग.

"मी नाही करणार नाटक," राणी म्हणाली. "उद्यापासून शाळेतही येणार नाही."

"हे हिच्या वर्गातल्या लंबूचंच काम," मोठ्या बाई म्हणाल्या. "मागच्या वर्षी त्यानेच हिला कोळसा म्हटलं होतं. चार वाजता त्याचे वडील येताहेत. दाखला हातात देते. तुम्ही फक्त सांगा, झगा कशाने फाडला."

शिवणबाई फरशीवर बसल्या. तुकडे एकमेकांना लावून पाहिले. आठ पट्ट्या, आठही अखंड. खाली धाग्याचा एक कण नव्हता. झग्याचे हुक एका कागदाला ओळीने टोचून ठेवलेले होते. त्यांनी तो कागद उचलला आणि तसाच खाली ठेवला.

"चारपर्यंत वेळ द्या," त्या म्हणाल्या.

लंबू व्हरांड्यात भिंतीला टेकून उभा होता.

"कोळसा म्हणालास?"

"एकदा. मागच्या वर्षी. नंतर लाज वाटली. माफीची चिठ्ठी लिहिली."

"दिलीस?"

"तिच्या मैत्रिणीजवळ दिली. ती म्हणाली, राणीने फाडून टाकली. तुझ्यासारख्यांची माफी नको म्हणाली."

"शर्टाचं बटण तुटलं तर कोण लावतं?"

"आजी," तो गोंधळून म्हणाला. "मला सुईत दोरासुद्धा ओवता येत नाही."

मग त्यांनी राणीला एकटीला बाजूला घेतलं.

"लंबू तुला अजून बोलतो?"

"रोज."

"तू स्वतःच्या कानांनी शेवटचं कधी ऐकलंस?"

राणीने आठवून पाहिलं. "मागच्या वर्षी."

"मग रोजचं?"

"तुमची लेक येऊन सांगते ना. मला कळायला हवं म्हणून."

"आणि त्याची चिठ्ठी?"

"कसली चिठ्ठी?"

शिवणबाई आपल्या खोलीत गेल्या. शिवणाचा डबा उघडला. टाके उसवायच्या आकडीची जागा रिकामी होती.

चार वाजता मोठ्या बाईंच्या खोलीत सगळे जमले. लंबूचे वडील मान खाली घालून बसले होते.

"झगा फाडलेला नाही, उसवलाय," शिवणबाई म्हणाल्या. "डोक्यात राख घातलेला मुलगा सरळ कात्री चालवतो. इथे एकेक टाका उसवलाय. दोरे वेचलेत. हुक हरवू नयेत म्हणून टोचून ठेवलेत. जिच्या हातून हे झालं तिला झगा मोडायचा होता, पण कापडावर कात्री चालवायला तिचा हात धजला नाही. मापल्याशिवाय कापडाला कात्री लावायची नाही, हा माझा पहिला धडा. शाळेत मी कोणाला शिकवत नाही. घरी एकीलाच शिकवलंय."

त्यांनी आधी लंबूकडे, मग राणीकडे बोट केलं.

"ह्याची माफी हिच्यापर्यंत पोचली नाही. ह्याच्या नावावरच्या शिव्या मात्र रोज पोचत होत्या. दोघांचे कान भरणारं तोंड एकच होतं. काखेत कळसा नि गावाला वळसा, बाई." त्या लेकीकडे वळल्या. "दप्तराचा पुढचा कप्पा उघड."

"आई, तू माझी आई आहेस ना?"

"म्हणूनच. उघड."

आकडी निघाली. तिच्या टोकात निळा धागा अडकला होता.

"आधी ती फक्त माझ्याशीच बोलायची," लेक हळू आवाजात म्हणाली. "राणीचं काम मिळालं आणि सगळ्यांची झाली. परत कोणी वाईट बोललं की माझ्याकडेच येणार होती."

राणी तिच्याकडे बघत राहिली. "दरवेळी मी तुझ्याच खांद्यावर रडायचे," ती म्हणाली. "तू पाणी आणून द्यायचीस."

मोठ्या बाईंनी लंबूच्या दाखल्याचा कागद फाडला आणि शिवणबाईंच्या मुलीला तिथेच थांबायला सांगितलं. राणी खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

"पट्ट्या शाबूत आहेत," शिवणबाई तिला म्हणाल्या. "दीड तासात उभा करते. घालायचा की नाही ते तू ठरव."

पावणेसहाला राणीने झगा अंगावर चढवला. त्याचे हुक पाठीवर होते. तालमीला ते नेहमी मैत्रीणच लावायची. आज शिवणबाई लावत होत्या.

"तुम्हाला कधी कळलं?" राणीने मागे न वळता विचारलं.

"फरशीवर बसले तेव्हाच."

"मग आम्हाला एवढे प्रश्न कशाला विचारलेत?"

शिवणबाईंनी शेवटचा हुक अडकवला.

"मी चुकतेय, असं तुमच्यापैकी कोणीतरी सांगेल म्हणून."