पाणीवाली काय बोलली

झेरॉक्सच्या दुकानाला कुलूप होतं. तिनं त्या कुलपाकडे असं पाहिलं, जणू गृहपाठ त्यानंच केला नव्हता. पाऊस भुरभुरत होता, धड भिजवत नव्हता, धड थांबत नव्हता. सकाळपासून सहा तास शिकवून झाले होते, सातवा आजारी बाईंच्या बदली घेतला होता, आणि आता पाय म्हणत होते, पुरे. शेजारच्या दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं होतं. तिथल्या पायरीवर ती टेकली, फाइल मांडीवर घेतली आणि… डोळे कधी मिटले ते तिलाच कळलं नाही.

"बाई, जरा सरकता का? सैन्याची वाट अडलीय."

तिनं दचकून पाहिलं. शटरखालून वाकून एक सेनापती बाहेर येत होता. लाल कोट, खांद्यावर सोनेरी गोंडे, गळ्यात माप घ्यायची टेप. कोटाला एकच बाही होती.

"हसू नका," तो म्हणाला. "दुकानातल्या पुतळ्याचा खांदा निखळलाय. तो बरा होईपर्यंत पुतळ्याची नोकरी मीच करतोय."

"मी कुठे हसले?"

"मग हसा की. कोट वाईट नाहीये इतका."

ती हसली. हसताना गाल दुखले, हसून इतके दिवस झाले होते.

दुकान नाटकाचे कपडे भाड्यानं देण्याचं होतं. आत छतापर्यंत झगे, मुकुट, टोप्या टांगलेल्या होत्या. ती इतिहास शिकवणारी, तेव्हा सवयीनं विचारून गेली, "हे कुठल्या काळातले?"

"आमच्याकडे दोनच काळ असतात, बाई. जुना आणि फार जुना. राजे फार जुन्यात, कारकून जुन्यात."

"आणि शंभर वर्षांपूर्वी घरोघरी पाणी वाहणारे?"

तो टेप बोटाला गुंडाळत म्हणाला, "ते कुणी मागितलेच नाहीत कधी. भाडं भरून कोण पाणी वाहायला जातंय? सगळ्यांना राजाच व्हायचं असतं."

तिच्या आठवीच्या वर्गाला मात्र पाणी वाहायचं होतं. शहरात पहिला नळ आला त्या वर्षी कचेरीत एक सुनावणी झाली होती. नळ आणावा की न आणावा? आणला तर पाणी वाहणाऱ्यांनी खायचं काय? तिनं ती सुनावणी नाटक बसवायला मुलांच्या हवाली केली होती. एक गट जुने कागद वाचत होता, एक संवाद लिहीत होता, एक कपड्यांच्या मागे होता. वर्गात धडा वाचला की मुलं जांभया देतात, पण त्याच धड्यातल्या कारकुनाचा चष्मा नाकावर चढवला की जागी होतात, हे तिला दहा वर्षांत कळून चुकलं होतं.

एका ठिकाणी मात्र सगळे गट अडले होते. सुनावणीच्या टिपणात साहेबांचं, व्यापाऱ्यांचं, वकिलांचं बोलणं शब्दन् शब्द उतरवलेलं होतं. शेवटी एकच ओळ होती : 'पाणी वाहणारी एक बाई बराच वेळ बोलली.'

"काय बोलली?" वर्गातल्या प्रश्नपेटीनं विचारलं होतं. त्या मुलीचं हे नाव शिक्षकांच्या खोलीत पडलं होतं आणि तिला ते आवडायचं.

"लिहिलेलं नाही."

"म्हणजे बोलली ते वायाच गेलं?"

"मग तूच सांग ती काय बोलली ते. पाणीवाली तू हो."

"पण मी ते कुणालाच दाखवणार नाही. एकदम प्रयोगाच्या दिवशी."

*

कपडे भाड्यानं ठरले आणि सेनापती शाळेत येऊ लागला. तो लाल कोट पाहून हे नाव मुलांनी पहिल्याच दिवशी ठेवलं. आधी एकानं 'काका' म्हणून पाहिलं होतं, तर तो म्हणाला, "काका? मी छत्तीसचा आहे, केस कापडाच्या धुळीनं पांढरे झालेत!" मधल्या सुट्टीत तो मापं घ्यायचा. ती शेजारी उभी राहून वहीत आकडे उतरवायची. तो आकडा सांगून थांबायचा. लिहून झालं की ती मान वर करायची. तेवढ्यात नजरानजर व्हायची…

"तुम्ही जेवता कधी?" एकदा त्यानं विचारलं.

"रविवारी."

"आणि झोपता?"

"उन्हाळ्याच्या सुट्टीत."

त्यानं टेप तिच्या डोळ्यांपुढे धरली. "डोळ्यांखाली पाव इंच काळं. मागच्या आठवड्यात इतकं नव्हतं."

तिला हसू आलं आणि लगेच रडूही येईलसं वाटलं. ती वहीत डोकं खुपसून राहिली.

त्याला ठाऊक नव्हतं, की तिच्या पर्समध्ये एक पत्र होतं. दुसऱ्या शहरातल्या पाठ्यपुस्तकांच्या कचेरीत तिला जागा मिळाली होती. टेबल, खुर्ची, पंखा, आणि घंटा नाही. होकार की नकार, शनिवारपर्यंत कळवायचं होतं. प्रयोगही शनिवारीच होता. मोठी बहीण रोज फोनवर मागे लागायची.

"अगं, होकार देऊन मोकळी हो ना! घसा बघ तुझा, फाटक्या चाळणीसारखा झालाय."

"देते गं ताई."

"देते देते म्हणून महिना झाला. कुणी अडवलंय का तुला?"

"कोण अडवणार?" ती म्हणाली. पण बोलताना उगाचच पदराच्या टोकाशी चाळा करत राहिली.

*

प्रयोगाला चार दिवस उरले असताना मुलांनी घोळ घातला. "नवे कपडे खोटं बोलतात, वापरलेले खरं बोलतात," असं तीच वर्गात म्हणाली होती. कपड्यांच्या गटानं ते मनावर घेतलं. घरून किटल्या भरभरून काळा चहा आणला आणि भाड्याचे अकराच्या अकरा कोट बादल्यांत बुडवून दोरीवर वाळत घातले.

ती ते घेऊन स्वतः दुकानात गेली.

"मुलांचं काही नाही. चूक माझी आहे. मीच बोलले तसं…"

त्यानं एकेक कोट उलगडला. एका तपकिरी कोटाशी त्याचा हात थांबला.

"हा बाबांनी शिवलाय," तो हळूच म्हणाला. "शेवटचा."

तिला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. त्यानं कोट उजेडात धरून पाहिला. मग कोट नाकाशी नेला.

"साखर घातली होती का?"

"अं?"

"चहात. साखर असली तर मुंग्या लागतील, मग मात्र मी भांडेन."

"नाही… कोराच होता."

"मग राहू दे." त्यानं कॉलर झटकली. "बाबांची तक्रार असायची, आपले कपडे कायम नाटकातलेच दिसतात म्हणून. हा पहिल्यांदाच माणसाचा दिसतोय."

तो हसला, पण डोळे ओले होते. तिनं कोटाची दुसरी बाजू धरली आणि दोघांनी मिळून त्याची घडी घातली. शेवटच्या घडीला बोटं बोटांना लागली. कुणीच घाई केली नाही.

*

शनिवारी सकाळी सभागृह भरलं. आदल्या दोन रात्री ती जेमतेम झोपली होती. बत्तीस मुलांच्या टोप्या तिनं बसवल्या, मिशा चिकटवल्या, रडणाऱ्या वकिलाला पाणी पाजलं. पहिली घंटा झाली तशी ती पडद्यामागे उरलेल्या झग्यांच्या ढिगावर क्षणभर टेकली, हातात संवादांची वही घेऊन. कुणी अडखळलं तर सांगायला.

टाळ्यांच्या आवाजानं ती जागी झाली.

पडद्याची दोरी सेनापतीच्या हातात होती. वही त्याच्या काखेत होती. तिच्या अंगावर तो तपकिरी कोट होता.

"संपलं?" ती धडपडून उठून बसली. "सगळं?"

"सगळं."

"उठवलं का नाही मला?"

प्रश्नपेटी समोर उभी होती, घामानं थबथबलेली. "आम्हीच नको म्हटलं, बाई. वकील विसरला तेव्हा कारकुनानं सांभाळून घेतलं. एकदा तर टोपी पडली, तर आम्ही म्हटलं, वारा आला! तुम्ही झोपल्या होतात ना, म्हणून आम्ही सगळं हळू हळू केलं… म्हणजे लोकांना ऐकू येईल असं, पण हळू."

महिनाभर राबून उभं केलेलं नाटक तिनं पाहिलंच नव्हतं. मुलं आईवडिलांकडे पळाली. सभागृह रिकामं झालं. ती ढिगावरच बसून राहिली आणि तिला रडू आवरेना.

"असं करू," तो म्हणाला. "मी दाखवतो."

आणि तो दाखवू लागला. साहेब झाला, व्यापारी झाला, विसरणारा वकीलही झाला. अभिनय इतका वाईट, की रडता रडता तिला ठसका लागला. मग तो थांबला. डोक्यावर टोपलं उपडं घेतलं, त्यालाच हंडा समजायचं.

"आता पाणीवाली," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज साधा झाला. "'नळ आणा, साहेब. माझी मान मोडून आलीय. पण मी दमले म्हणजे मला नकोसं झालंय असं नाही. मला घरी पाठवू नका. माझ्या डोक्यावरचा हंडा तेवढा उतरवा, आणि मला नळापाशी उभी करा. कोणाच्या घरी म्हातारं माणूस आहे, कोणाकडे तान्हं आहे, पाणी आधी कुठे जायला हवं, ते मला ठाऊक आहे.'"

त्यानं टोपलं खाली ठेवलं. बाहेर पन्हाळीतून पाणी ठिबकत होतं.

"हे… तिनं एकटीनं लिहिलं?"

"मीही विचारलं. म्हणाली, बाईंकडे बघून सुचलं."

तिनं पर्समधून पत्र काढून त्याच्या हातात दिलं. त्यानं ते सावकाश वाचलं, दोनदा. चेहऱ्यावरचं हसू कुठच्या कुठे गेलं.

"आजच कळवायचंय?"

"आजच."

"मला तुम्ही फार आवडता," तो म्हणाला, एका दमात, जणू थांबला असता तर राहूनच गेलं असतं. "पण जाऊ नका असं म्हणायला मी कोण? तिथे खुर्ची आहे. इथे तुम्ही उभ्याच असता सगळा दिवस."

तिनं पत्र परत घेतलं, घडीवर घडी घातली.

"आज मी दीड तास झोपले," ती म्हणाली. "आणि काही कोसळलं नाही. दहा वर्षांत हे मला कुणी सांगितलंच नव्हतं… की झोपलं तरी चालतं."

"मग?"

"नकार कळवते त्यांना. ताई ओरडेल." ती किंचित हसली. "पण टोप्या यापुढे मुलंच बसवतील. मिशासुद्धा. वाकड्या लागल्या तर लागू देत."

"आणि मी?"

"तुम्ही…" ती अडखळली. कान तापले. "तुम्ही आधी इथे बसा. इतका वेळ उभे आहात, मला आवडत नाही."

तो झग्यांच्या ढिगावर तिच्याशेजारी बसला, थोडं अंतर ठेवून. तिनं अंगावरच्या कोटाचा अर्धा भाग त्याच्या गुडघ्यांवर ओढला. अंतर राहिलं नाही.

"बाई, घंटा व्हायला किती वेळ आहे?"

"आज शनिवार आहे," तिनं डोळे मिटले आणि डोकं त्याच्या खांद्यावर टेकलं. "आता सोमवारीच."