वर्णन उपलब्ध नाही

आमचं केंद्र कॉलेजच्या ग्रंथालयामागच्या एका लांबट खोलीत आहे. ज्या विद्यार्थ्यांना छापील पुस्तक वाचता येत नाही, त्यांना ते ऐकता येईल असं करून द्यायचं, हे आमचं काम. पुस्तकाची शिवण उसवायची, पानं स्कॅन करायची, यंत्राने अक्षरांची लावलेली वाट निस्तरायची आणि फाइल विद्यार्थ्याच्या हवाली करायची. पुढे कॉम्प्युटरमधला आवाज ती वाचून दाखवतो. सपाट आवाज, बाईचा म्हणावा तर नाही, पुरुषाचा म्हणावा तर तोही नाही. एवढ्या कामाला आम्ही दोघं. मी आणि मुद्रितं तपासणाऱ्या मॅडम.

खरी अडचण चित्रांची. आवाज चित्राशी आला की म्हणतो, “चित्र. वर्णन उपलब्ध नाही,” आणि पुढे चालू लागतो. ते वर्णन माणसाने बसून लिहावं लागतं.

फिजिओथेरपी शिकणारी एक मुलगी आमच्याकडे येऊ लागली. तिची आई तिला कौतुकाने डॉक्टरीणबाई म्हणायची, म्हणून आम्हीही. कॉलेजात आली तेव्हा तिला नीट दिसत होतं. मधेच एक आजार झाला आणि दोन्ही डोळे गेले. त्या वर्षी ती नापास झाली. याही वर्षी झाली असती, तर नाव कमी झालं असतं. परीक्षा तोंडावर, आणि तिच्या पुस्तकात पानोपानी हाडं नि स्नायूंची चित्रं. मी जेवतानाही वर्णनं लिहीत होतो, तरी अजून मनगटावरच अडकलो होतो.

एके दिवशी ती आली आणि म्हणाली, “सर, खांद्याचं वर्णन काय सुरेख लिहिलंत!”

मी मॅडमकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. खांदा आमच्यापैकी कुणीच लिहिला नव्हता.

माझ्या कॉम्प्युटरवर तीच फाइल लावली. “चित्र. वर्णन उपलब्ध नाही.” मग तिच्या लॅपटॉपचा एक हेडफोन कानाला लावला. आवाज तोच होता, पण सावकाश बोलत होता. एखादी वस्तू हातात फिरवून पाहत सांगावं तसा. हाड कुठे खोलगट आहे, कुठे त्याची कड बोथट होते, स्नायू त्याला कुठून धरतो. फाइलमधल्या धड्याच्या मजकुराशी मी ताडून पाहिलं. एकही चूक नव्हती.

“नवी सोय आली असेल हो, आपोआप,” मॅडम म्हणाल्या. “आयतं मिळतंय तर घ्या की.”

मलाही तेच पटलं. खरं सांगायचं तर हायसं वाटलं.

काही दिवसांनी मॅडमनी मला हाक मारली. स्कॅन केलेल्या पानावर खांद्याच्या जागी पांढरा चौकोन होता. स्कॅनर बिघडला असेल म्हणून मी मूळ पान काढलं. तिथेही कोरा कागद. चित्राखालची ओळ होती, भागांची नावं होती, बाणही होते. सगळे बाण रिकाम्या जागेकडे रोखलेले. ग्रंथालयातून दुसरी प्रत आणवली. तिच्यातही खांदा नव्हता. कोपर नव्हतं, पाठीचा कणाही नव्हता. आवाजाने तिला सांगितलेलं एकही चित्र शिल्लक नव्हतं.

मॅडम बराच वेळ पान उजेडात धरून बसल्या. मग त्यांनी ते उलटं ठेवलं.

मी तिचा लॅपटॉप मागून घेतला. वाचणारा प्रोग्रॅम काढून टाकला, दुसरा घातला, आवाजही दुसरा निवडला. उपयोग झाला नाही. नवा आवाजही चित्राशी येऊन सावकाश व्हायचा. शेवटी हात टेकले आणि तिला सगळं सांगितलं.

तिने शांतपणे ऐकून घेतलं. “म्हणजे मी ऐकायचं बंद करू? मग परीक्षा कशी देऊ, सर?”

मी लॅपटॉप तिला परत दिला. ती ऐकत राहिली. पुस्तक पांढरं होत गेलं.

परीक्षा संपल्यावर ती पुन्हा आली. हातात आईचा फोटो.

“सर, मी आईचा चेहरा विसरायला लागलेय,” ती म्हणाली. “नाक आठवतं, डोळे आठवतात. पण जुळतच नाहीत हो. रात्रंदिवस जुळवते. एवढा एक फोटो स्कॅन करून द्या.”

“नको गं. पुस्तकाचं काय झालं ते सांगितलंय ना तुला?”

“फोटोच जाईल ना? मला तो असून काय उपयोग?” तिचा आवाज फाटला. “तुम्ही घरी जाल, सगळ्यांना बघाल. मी कुणाला बघू?”

मी फोटो काचेवर ठेवला.

तिने दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर दाबून धरले. मग ती हसली, रडली, पुन्हा हसली. “तीळ! हनुवटीखालचा तीळ! कसा विसरले मी?”

मी स्कॅनरचं झाकण उचललं. फोटोत खुर्ची होती. मांडीवर ठेवलेले हात होते, खांद्यावर घेतलेली शाल होती, केसही होते. केसांच्या आत कोरा कागद.

त्याच आठवड्यात तिची आई आली. आवाजावरून ओळखली. तिच्याकडे बघायला गेलो आणि नजर घसरली. पुन्हा बघितलं, पुन्हा घसरली. चेहरा असणार, होताच. पण माझे डोळे तिथे ठरत नव्हते.

“राहू द्या, त्रास नका करून घेऊ,” ती म्हणाली. “शेजारीण दार उघडत नाही. सख्खा भाऊ अहोजाहो करतो. मी तिकीटखिडकीवर बसते, तिथे लोकांना नुसता हात दिसतो. चालून जातं.”

“मी काहीतरी करतो. तो लॅपटॉपच...”

“नाही!” तिने माझं मनगट घट्ट पकडलं. “तेच सांगायला आलेय. हात जोडते, पण तो आवाज तिच्यापासून काढून घेऊ नका. आजार झाल्यापासून पहिल्यांदा पोरगी माझ्याकडे तोंड करून बोलते. तिला मी दिसते. बाकी कुणाला नाही दिसले तर नाही.”

ती गेली. मी लॅपटॉपला हात लावला नाही.

निकाल लागला त्या दुपारी मॅडम ग्रंथालयात गेल्या होत्या. डॉक्टरीणबाई एकटीच काठी टेकवत आली. पास झाली होती. तिने चाचपडत माझा हात शोधला आणि कपाळाला लावला.

“माझ्यासाठी एवढं केलंत, आणि तुम्ही कसे दिसता तेसुद्धा मला माहीत नव्हतं.”

“त्यात काय एवढं.”

“कॉलेजच्या वेबसाइटवर फोटो आहे ना तुमचा.”

मी हात सोडवून घेतला.

“काय केलंस तू?”

“डावी भुवई मधेच तुटलीय,” ती हळुवारपणे सांगू लागली. “नाकावर चष्म्याचा वळ आहे. चेहरा दमलेला आहे. पण चांगला आहे हो, सर. अगदी मनात होता तसाच.”

“कधी ऐकलंस?”

“आता. येता येता.”

दार उघडलं. मॅडम पुस्तकांची चळत घेऊन आत आल्या. तिला पाहून त्यांचा चेहरा उजळला. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नजर क्षणभर थांबली, आणि बाजूला झाली.

त्या मला म्हणाल्या, “बसा हं. सर येतीलच एवढ्यात.”