पारखीचा हिरवा दिवा

सकाळचा चहा गिरिजाच्या खाटेशी ठेवून विरूपाक्ष मगदूम परसात गेला, तेव्हा पारखीचा दिवा हिरवा झाला होता.

त्यानं चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. हिरवाच. डब्याच्या काचेवर बारीक अक्षरं उमटली होती : ‘कापणी करा.’ विरूपाक्षला हसू आलं. त्याची सगळी हयात मिरजेत तंबोरे बनवण्यात गेली होती. गुडघ्याला बाशिंग बांधणारे उतावळे नवरे त्यानं पुष्कळ पाहिले होते. उतावळं यंत्र मात्र पहिल्यांदाच पाहत होता.

कुंडीतलं गांजाचं झाड आता कमरेला लागत होतं. त्याच्या तरुणपणी असलं झाड कुणाच्या परसात सापडलं असतं, तर पोलिसांनी मालकाला झाडासकट उचलून नेलं असतं. आता दुर्धर दुखण्याच्या रुग्णाला घरी एक झाड लावायची मुभा होती. आरोग्यकेंद्रातून रोप मिळे आणि रोपाबरोबर पारखी. साबणाच्या वडीएवढा तो डबा काठीला बांधायचा आणि त्याचं भिंग फुलोऱ्याकडे रोखायचं. पिकत आलेल्या फुलोऱ्यावर राळेचे सूक्ष्म थेंब धरतात, देठावर टाचणीचं डोकं बसवावं तसे. लोक त्यांना राळमणी म्हणू लागले होते. हे मणी आधी पाण्यासारखे नितळ असतात, मग दुधाळ होतात आणि शेवटी मधाच्या रंगावर येतात. नितळ असताना कापलं तर औषध अर्धवट उतरतं, दुधाळ असताना कापलं तर ते वेदनेवर चालतं, आणि मधाळ होऊ दिलं तर झोप आणतं.

पारखी ते रंग ओळखी. शिवाय त्याची बायको गिरिजा हिच्या दंडावर एक पातळ चकती चिकटवलेली होती. तिची झोप, नाडी, रक्तात उमटणाऱ्या दुखण्याच्या खुणा, सगळं ती चकती पारखीला कळवी. झाड आणि माणूस यांचा मेळ बसला की दिवा हिरवा. आरोग्यकेंद्राची रेश्मा मुजावर यंत्र बसवायला आली होती, तेव्हा म्हणाली होती, “काका, पत्रिका जुळवायचं काम हाय बघा ह्याचं.”

मागच्या दोन्ही झाडांच्या वेळी पारखीनं पत्रिका बिनचूक जुळवली होती. कर्करोग गिरिजाच्या हाडांत शिरला होता. इंजेक्शन घेतलं की तिचं दुखणं जाई, पण त्याबरोबर गिरिजाही कुठंतरी निघून जाई. डोळे उघडे असून नवऱ्याला ओळखत नसे. या झाडाच्या औषधानं तसं होत नव्हतं. ती उठून बसायची, लसूण सोलायची, चहात साखर जास्त झाली म्हणून भांडायची. विरूपाक्षला ते भांडण हवं होतं, म्हणून तर तो झाडाला डोळ्यांत तेल घालून जपत होता.

आज त्यानं स्वतः हातभिंगातून पाहिलं. राळमणी काचेसारखे नितळ होते. फुलांचे केसर पांढरे आणि ताठ, एकही तांबूस झालेला नव्हता.

“काय म्हणतंय?” आतून गिरिजानं विचारलं.

“कच्चं हाय अजून,” विरूपाक्ष म्हणाला, आणि झाडापुरतं ते खरंच होतं.

कारखान्यात नव्या माणसाला पहिला धडा भोपळ्याचा मिळे. तंबोऱ्याचा भोपळा पुरता वाळल्याशिवाय कापायचा नाही. कच्चा कापला की तो तडकतो, आणि नाही तडकला तरी आयुष्यभर बद्द बोलतो. ज्या हातांनी इतके भोपळे राखले, त्यांनी एका डब्याच्या सांगण्यावरून कच्चं झाड कापावं? विरूपाक्षनं तंबोऱ्याची एक जुनी कापडी गवसणी आणली आणि पारखीवर चढवली. भिंग तेवढं उघडं ठेवलं. उगीच गिरिजाच्या जिवाला घोर नको.

रेश्माला त्यानं निरोप धाडला. ती आली तेव्हा गिरिजाचा डोळा लागला होता. रेश्मानं गवसणी काढली, मोबाइल पारखीला जोडला आणि बराच वेळ आकड्यांवरून बोट फिरवत राहिली.

“बिघडलंय न्हवं?” विरूपाक्षनं विचारलं.

“बिघाड न्हाई, काका.”

“मग कच्च्या झाडाला हिरवा दिवा कसा?”

रेश्मानं खिडकीकडे एकदा पाहिलं आणि आवाज उतरवला. “झाड कापल्या कापल्या औषध हुतंय का?”

“आता तू मला शिकीव. सावलीत उलटं टांगायचं, वाळलं की बरणीत मुरवायचं. लोणच्यागत हाय ते, दम धरावा लागतोय.”

“मग ते मुरून हातात पडंल, तवा काकूंना काय लागणार, हे आधी बघतंय पारखी.” तिनं मोबाइल ओढणीत गुंडाळला, पुन्हा बाहेर काढला. “झाडापासनं पुढं मोजत न्हाई ते. काकूंपासनं मागं मोजतंय.”

विरूपाक्षला ते समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा तो कट्ट्यावर बसला.

“आत्ता कापलं तर अर्ध्या ताकदीचं का हुईना, वेळेत मिळंल,” रेश्मा म्हणाली. “आम्हाला हे घरच्यांना सांगायची परवानगी नसती. पण तुम्ही झाकून ठेवलासा ते बघून ऱ्हावलं न्हाई.”

“डब्याला काय कळतंय गं माणसाचं?” विरूपाक्ष खेकसला. “मागल्या साली डॉक्टरबी असंच बोललं हुतं. बसलीया न्हवं अजून लसूण सोलत?”

रेश्मा वाद घालणारी मुलगी नव्हती. तिनं गवसणी होती तशी चढवली आणि ती गेली.

त्यानं कापलं नाही. कात्री चालवणं म्हणजे डब्याच्या म्हणण्यावर अंगठा उठवणं, असं त्याच्या मनानं घेतलं. झाड पिकेपर्यंत गिरिजा राहणार, म्हणून झाड पिकू द्यायचं. हा त्याचा हट्ट होता आणि नवसही. रोज सकाळी तो भिंगातून पाही आणि मणी नितळच दिसले की त्याला हायसं वाटे. कच्चेपणाचा आनंद मानणारा कारागीर मिरजेत तोच पहिला असेल.

इकडे मागच्या कापणीचं औषध संपलं. गिरिजाचं कण्हणं परसापर्यंत येऊ लागलं, आणि इंजेक्शन पुन्हा सुरू झालं. ती जागी असे तो वेळ आक्रसत गेला. आधी दुपार गेली, मग संध्याकाळ. राहिली फक्त सकाळ. त्यातही कधी ती त्याला भाऊ म्हणून हाक मारी आणि माहेरच्या विहिरीचं काहीबाही विचारी. झाड मात्र माजलं होतं. त्याच्या उग्र वासानं परस, स्वयंपाकघर, गिरिजाचं अंथरूणसुद्धा भरून गेलं होतं. कुणीतरी पाहुणा येऊन बसावा आणि उठायचं नाव काढू नये, तसा तो वास घरात होता.

एका सकाळी मणी दुधाळ दिसले. केसर तांबूस होऊन आत वळले होते. विरूपाक्षनं डोळे चोळले, पुन्हा पाहिलं आणि गवसणी ओढून काढली. आता तरी डब्याचं आणि आपलं एकमत होईल असं त्याला वाटलं.

दिवा लागलेलाच नव्हता. काचेवर ओळ होती : ‘कापणीची आवश्यकता नाही.’

तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा गुंजता नाद, काढताना तारांखालची घोडी कानशीनं घासून घासून तार बोलायला लागली की हात आवरायचा, हेही तो त्याच कारखान्यात शिकला होता. तिथं क्षणभर उशीर झाला तरी सूर हातचा जातो. ते सोडून त्यानं भोपळ्याचा धडा धरला होता. गिरिजाच्या शुद्धीतल्या किती सकाळी आपण घालवल्या, या विचारानं त्याला स्वतःची किळस आली.

तरी त्यानं कात्री घेतली. पातं फांदीला लागलं तसा पारखी बोलू लागला, कारण नावाशिवाय कापणी नोंदली जात नसे. “ही कापणी कोणासाठी?”

“गिरिजा मगदूम,” विरूपाक्ष म्हणाला.

डबा थोडा थांबला. “ही कापणी कोणासाठी?”

“गिरिजा मगदूम.” या वेळी त्यानं डब्याजवळ तोंड नेऊन सांगितलं.

“नका सांगू सारखं. घेत न्हाई ते माझं नाव.”

गिरिजा मागच्या दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिची नजर आज स्वच्छ होती. त्यानं कात्री टाकली, धावत जाऊन तिला कट्ट्यावर बसवलं. ती पिसासारखी हलकी लागली.

“पहिल्याच दिवशी खिडकीतनं बघिटला मी हिरवा दिवा,” ती म्हणाली. “तुम्ही चहा आणायच्या आधी. रेश्मा बोलली तेबी ऐकलं. डोळं मिटलं म्हंजे झोप न्हवं.”

“मग बोलली का न्हाईस?”

“तुम्ही कच्चं हाय म्हणालासा. ऐकून बरं वाटलं मला. वाटलं, असू दे अजून कच्चं.”

विरूपाक्ष तिच्या पायाशी बसला आणि रडला. तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला, काढला नाही. झाडाचा वास दोघांभोवती दाटला होता.

“ही कापणी कोणासाठी?” पारखीनं पुन्हा विचारलं.

“त्याला थांब म्हणावं,” गिरिजा म्हणाली. “मधाच्या रंगावर येऊ दे झाड. झोप लागती म्हणं त्यानं. मी इंजेक्शनातनंबी ऐकती तुमच्या रातच्या येरझाऱ्या.” तिला दम लागला. तिनं त्याचा चेहरा आपल्याकडे वळवला. “माझं एवढं मोजलं त्यानं. माझ्या माघारी तुम्हाला झोप कशी लागणार, ते मोजलंय का हो कुणी?”