बॉनेटवरची लोकर

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मीही हसले असते. पण हे माझ्या सख्ख्या भावाच्या बाबतीत घडलंय, माझ्या डोळ्यांदेखत. आणि असल्या गोष्टी रात्रीच होतात असं ज्यांना वाटतं त्यांना सांगते... भरदुपार होती. बाहेर रणरणतं ऊन.

सुट्टी काढून मी दादाकडे राहायला आले होते. त्याचं गॅरेज घराच्या मागेच आहे. जुन्या गाड्या म्हणजे त्याचा जीव की प्राण. वहिनी म्हणते, "मला चार चाकं असती तर माझ्याकडेही बघितलं असतं!"

तेव्हा एका दंतवैद्याची जुनी स्पोर्ट्स कार आली होती. दोनच सीटची. तक्रार एकच. इंजिनची गरमी बाहेर पडत नाही, आत बसलेला माणूस भाजून निघतो.

दादाने एक युक्ती केली. बॉनेटच्या बिजागऱ्यांखाली वॉशर घालून समोरच्या काचेकडची कड बोटभर उचलली. गरम हवा त्या फटीतून निघून जाईल म्हणून.

"जाते की नाही, बघायला नको?" म्हणत मी विणकामातले लोकरीचे तुकडे फटीच्या कडेला चिकटवले.

चक्कर मारायला निघालो. मी शेजारच्या सीटवर. गाडीने वेग घेतला...

आणि सगळे धागे फटीत आत ओढले गेले.

"अरे दादा, काचेवर आपटलेली हवा उलटी आत शिरतेय! इंजिनचा धूर आपल्याच नाकात जायचा."

"बरं छोटे, तू शहाणी. उद्या काढतो वॉशर." स्वारी फुगली होती.

घरी आलो तेव्हा डोकं खरंच जड झालं होतं. गाडीची किल्ली मीच काढून घेतली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दादाला जेवायला बोलवायला गेले. गॅरेजमधला पंखा बंद. वाऱ्याची झुळूकसुद्धा नाही.

पण लोकर हलत होती...

धागे आत गेले. थांबले. बाहेर आले. थांबले. पुन्हा आत...

झोपलेल्या माणसाचा श्वास चालतो ना, अगदी तसे.

मग दादा दिसला. ड्रायव्हरच्या सीटवर, मान मागे टाकून. दोन्ही काचा वर.

"दादा, ऊठ की. ताटं वाढलीयेत."



दार उघडलं. त्याच्या छातीकडे बघितलं...

हलत नव्हती.

बाहेर लोकर मात्र हलत होती. आत... बाहेर...

काय सुचलं कुणास ठाऊक, बॉनेटची आतली कळ ओढली आणि धावत पुढे जाऊन ते उघडलं.

त्याच क्षणी दादाने जोरात श्वास घेतला. बुडता बुडता वर आल्यासारखा.

दवाखान्यात डॉक्टरांनी मलाच झापलं. "बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवतात का? धूर भिनलाय त्यांच्या रक्तात!"

कसलं चालू? बॉनेट उघडताना माझा हात इंजिनला लागला होता. थंडगार होतं. आणि किल्ली तर माझ्याच पर्समध्ये होती.

शुद्धीवर येताना दादा पुटपुटला, "येतच होतो गं... तोच म्हणाला, काच वर घे, ऊन लागतंय."

"तो कोण?"

आता विचारलं तर म्हणतो, मी असं काही बोललोच नाही.

वॉशर मी स्वतः काढून फेकले. दंतवैद्य फोन उचलत नाही. गाडी आहे तिथेच आहे. आणि दादा रोज जेवण झालं की उठतो. "जरा बघून येतो." वहिनीने शपथा घातल्या, रडून झालं. गॅरेजला कुलूप लावलं, तर त्याने ते तोडलं. मला फार भीती वाटते हो त्याच्या जिवाची.

काल मी गुपचूप मागोमाग गेले.

दादा गाडीच्या खिडकीशी वाकून उभा होता. गाडीत कुणी नव्हतं. तरी लहान मुलाची समजूत घालावी तसा हळूच म्हणत होता...

"आज नको. छोटी घरी आहे."

परवा माझी सुट्टी संपतेय.